साडूचा पंखा

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे गुण्या म्हणतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार. ते त्याच्या पँटच्या मागच्या खिशात कायम असतं. बसताना टोचतं, तरी तो काढत नाही. मोठ्या इमारतींच्या छतांमधून गार हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी डक्ट बनवणं हा त्याचा धंदा. पत्रा कापायचा, घडी घालायची, कडा एकमेकींत अडकवायच्या, लाकडी मोगरीने ठोकून जोड बसवायचा आणि वरून फटी बुजवणाऱ्या सीलंटचा हात फिरवायचा. त्याच्या डक्टमधून हवा सुटत नाही. दुसऱ्याच्या डक्टमधून सुटताना दिसली, की तो त्याच्याकडे अशा नजरेने बघतो, जशा नजरेने लोक चारचौघांत नाक शिंकरणाऱ्याकडे बघतात.

माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, शब्दाचा पक्का. खोड एकच: दुसऱ्याचं कौतुक त्याला ऐकवत नाही. हे त्याची बायको सांगते, सासरा सांगतो आणि मूड बरा असेल तर तो स्वतःही सांगतो. "माझं काही म्हणणं नाही," अशी त्याची सुरुवात असते. मग जे येतं ते सगळं म्हणणंच असतं.

घरी तो कॉम्प्युटर बनवतो. आतले भाग बाजारातूनच येतात, पण दुकानात मिळणाऱ्या काळ्या खोक्याचा त्याला तिटकारा आहे. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, पंखे, तारा हे सगळं तो कुठल्यातरी जुन्या वस्तूच्या पोटात बसवतो. गळका गिझर त्याने आडवा कापला आणि आत कॉम्प्युटर बसवला. लाल टपालपेटी आहे. तिच्या तोंडातून पत्रांऐवजी गरम हवा बाहेर येते. पाव ठेवायचा स्टीलचा डबा आहे, तो इतका चकचकीत की समोर उभं राहून भांग पाडावा. ही सगळी मंडळी मागच्या खोलीत फळीवर बसलेली असतात. पाहुणे आले की त्यांना ती दाखवली जातात. चालू मात्र क्वचितच असतात, कारण एखादं पूर्ण झालं की त्याला त्यातली एक कड खटकते आणि तो ते पुन्हा उघडतो.

त्याची बायको घरूनच एका छापखान्याचं काम करते. अहवाल, पुस्तिका, आमंत्रणपत्रिका यांची पानं ती कॉम्प्युटरवर जुळवते. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल आहे. त्यावर छापखान्याने दिलेला एक जुना, करड्या रंगाचा कॉम्प्युटर होता. चालू केला की तो घोरायचा. एके दिवशी घोरता घोरता गप्प झाला, तो कायमचाच.

"अहो, हा मेला," ती म्हणाली.

"गिझरवर कर ना काम."

"गिझरचं झाकण तुम्ही कालच काढलंय. टपालपेटीला पॉवर सप्लाय नाही, तो तुम्ही डब्यात घातलात. आणि डब्याला हात लावला की ठसे उठतात म्हणून ओरडता. पाचपन्नास दागिने घरात, आणि लग्नाला जायचं तर गळा मोकळा!"

"तुला खास बनवून देतो. थांब."

हे 'थांब' तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. मागच्या खोलीतल्या पडद्याच्या दांडीसाठीही ती थांबलीच होती. तरी ती 'बरं' म्हणाली. खास तिच्यासाठी बनवतो म्हणाला, हे तिला मनातून आवडलं होतं.

त्याने वस्तू निवडली ती सासऱ्याची. सासरा एके काळी वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकान बंद करताना त्याने एकच काटा ठेवून घेतला: दुकानाच्या गल्ल्यावर असायचा तसला, जाड दुधी इनॅमलचा, वर वाटोळा डोक्याएवढा चेहरा, दोन्ही बाजूंनी काच, आत लाल सुई. गुण्या बरीच वर्षं त्याच्यावर डोळा ठेवून होता. वाटोळ्या पोटात चौकोनी बोर्ड बसवणं म्हणजे आव्हान, आणि सुई तर त्याच्या डोक्यात आधीच फिरत होती. प्रोसेसर तापला की सुई पुढे सरकेल, निवला की मागे येईल.

"घ्या," सासरा म्हणाला. "पण जावईबापू, दोन अटी. आकड्यांना हात लावायचा नाही. आणि अंगाला भोक पाडायचं नाही. या काट्याने आयुष्यात कोणाला फसवलेलं नाही, त्याची चाळण करू नका."

गुण्याने मान डोलावली. भोक पाडायला त्याला तरी कुठे आवडतं?

इथे धाकट्या साडूची ओळख करून द्यायला हवी. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जळलेल्या मोटारी आणि पंख्यांमधली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, त्याचं छोटं दुकान आहे. म्हणून तो वाइंडर. अंगाने गोल, स्वभावाने सैल, शर्टाचं एक बटण नेहमी चुकीच्या काजात. कॉम्प्युटर जुळवायला तो शिकला गुण्याकडेच. लग्न नवीन होतं तेव्हा यायचा, टॉर्च धरून उभा राहायचा आणि विचारायचा, "भाऊ, हे काय? भाऊ, ते कशाला?" गुण्याला ते फार आवडायचं. वर्कशॉपमध्ये तो सांगायचा, "आमच्या साडूला मी तयार करतोय."

माणूस तयार होईपर्यंत हे वाक्य गोड लागतं.

तर काट्याचं काम गुण्याच्या चालीने चाललं होतं. आतली जुनी स्प्रिंग काढायची, बोर्डासाठी अर्धगोल फळी कापायची, ती मनासारखी बसली नाही म्हणून पुन्हा कापायची. बायकोकडे मात्र एका संस्थेचा वार्षिक अहवाल येऊन पडला होता आणि छापखान्याच्या मालकाचे फोन सुरू झाले होते. ती फोनवर बहिणीजवळ कुरकुरली. बहिणीने नवऱ्याच्या कानावर घातलं. आणि एका रविवारी, गुण्या वर्कशॉपमध्ये जादा कामाला गेलेला असताना, वाइंडर हातात वेताची टोपली घेऊन आला.

गुण्या घरी परतला तेव्हा टोपली टेबलावर होती. कपडे धुवायला टाकायची साधी, उभी, झाकण नसलेली टोपली. विणीतून तारांचे रंग दिसत होते. वाइंडर चहा पीत होता.

"हे काय?"

"कॉम्प्युटर," बायको म्हणाली.

"ही धुण्याची टोपली आहे."

"होती."

गुण्याने चारी बाजूंनी फिरून बघितलं. एकही कड सरळ नव्हती. बोर्ड लाकडी पट्ट्यांवर टेकवलेला, पट्ट्या सुतळीने बांधलेल्या. "यात काटकोन कुठे आहे?"

"काटकोनात टायपिंग होत नाही, भाऊ," वाइंडर हसत म्हणाला.

"बरं, चालू तरी करून दाखव."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. "चालूच आहे. मगाचपासून पान जुळवतेय मी."

गुण्याने कान जवळ नेला. काहीच नाही. टोपलीच्या तळाशी एक मोठा पंखा होता, ताटलीएवढा, डोळ्यांनी मोजता यावा इतका संथ फिरणारा. बाजारातला पंखा उघडून वाइंडरने त्यात बारीक तारेचे जास्त वेढे दिले होते. त्याने पंखा सावकाश फिरतो. चार कोपऱ्यांना मेण लावलेल्या दोऱ्याची वेटोळी, म्हणजे थरथर बाहेर जात नाही. हवा खालून आत, वरून बाहेर, आणि सगळ्या बाजूंनी वेताची भोकं. टोपलीच ती. हवा सुटायला कुठे वेगळी वाट शोधायची?

"माझं काही म्हणणं नाही," गुण्या म्हणाला. मग त्याने धूळ, झुरळं, उंदीर आणि आग यांविषयी बरंच काही सांगितलं. बायको अहवालाची पानं जुळवत राहिली. आता घरात आवाज नव्हता, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य नीट ऐकू येत होतं.

त्या दिवसापासून टोपली त्याच्या डोळ्यांत खुपू लागली. खरं दुखणं वेगळंच होतं. छापखान्याचा मालक तपासलेली पानं घ्यायला आला आणि उंबऱ्यातच थबकला. "वहिनी, काय हो हे! कमाल आहे. कोणी केलं?"

"धाकट्या बहिणीच्या मिस्टरांनी."

"वा! तुमचे मिस्टरही करतात ना असलंच काहीतरी?"

गुण्या मागच्या खोलीत काट्याच्या पोटात हात घालून बसला होता. 'असलंच काहीतरी' हे शब्द त्याने ऐकले आणि हातातला स्क्रू त्याने इतका आवळला की आटे गेले. शेजारीण आली, तिनेही टोपलीचं कौतुक केलं. बायकोच्या मैत्रिणीने फोटो काढला. गिझरचा फोटो आजवर कोणी काढला नव्हता. काढला होता तो त्यानेच. आणि सगळ्यांत जिव्हारी लागलेली गोष्ट ही, की बायको काम करताना गुणगुणायला लागली होती. करडा कॉम्प्युटर घोरायचा तेव्हा ती गुणगुणत नसे. लग्नाआधी गुणगुणायची, हे सासऱ्याने एकदा सांगितलं होतं. गुण्याने ते पहिल्यांदा ऐकलं ते साडूच्या टोपलीपाशी.

त्याला काय हवं होतं, हे आता अगदी साधं झालं होतं. त्या टेबलावर काटा हवा होता. टोपली नको होती.

काटा झाला तेव्हा देखणा झाला, हे वाइंडरही नाकारत नाही. बोर्ड मागच्या काचेला लागून उभा, पुढे आकड्यांची तबकडी, लाल सुई, खाली जड इनॅमलच्या पोटात पॉवर सप्लाय. वरचं वजन ठेवायचं ताट तसंच, त्याखाली चालू करायचं बटण: ताट दाबलं की कॉम्प्युटर सुरू. अंगाला नवं भोक एकही नाही. हवा आत यायला खालची मूळची फट, बाहेर जायला मागची मूळची फट. बाकी प्रत्येक जोड त्याने सवयीने सीलंट भरून बंद केला होता, डक्ट असावा तसा.

सासऱ्याला मुद्दाम बोलावलं. बायकोने ताट दाबलं. काच उजळली, सुई थरथरली, मॉनिटर लागला. सासरा खुर्चीत पुढे सरकून बसला.

आणि मग काटा शिट्टी वाजवू लागला.

एवढीशी फट आणि तिच्यातून सगळी हवा ओढणारा छोटा, जोरकस पंखा. दुसऱ्या कुणाच्या डक्टला असा आवाज आला असता तर गुण्याने रस्त्यावरून सांगितलं असतं की वाट अरुंद आहे. इनॅमलचं पोकळ पोट त्या आवाजाला साथ देत होतं. बायकोने पानं उघडली तशी सुई सरकली. एक किलो. दोन. चित्रांचं पान आलं तशी सव्वातीन.

"अहवाल चांगलाच जड आहे," सासरा म्हणाला.

"बाबा!"

"मी कुठे काय म्हणतोय? काटा म्हणतोय. माझा काटा खोटं बोलत नाही."

सुई चार किलोंवर गेली आणि कॉम्प्युटर आपणहून बंद पडला. खोलीत शांतता झाली. टेबलाखाली ढकललेली टोपली त्या शांततेत भलतीच शहाणी दिसत होती.

गुण्याने बाजारात मिळतील ते पंखे लावून बघितले. लहान लावला की शिट्टी, मोठा लावला की सगळा काटा घंटेसारखा घुमायचा. अंगाला भोकं पाडली असती तर प्रश्न सुटला असता, पण शब्द दिलेला होता. बायको दर खेपेला थोडा वेळ काट्यावर बसायची, कपाळाला आठी पडली की उठायची आणि न बोलता टोपलीची वायर लावायची. तिचं ते न बोलणं त्याला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

साडूला विचारणं हा एक मार्ग होता. तो वाइंडरच्या दुकानावरून रोज जायचा; वर्कशॉपचा रस्ताच तो. दारात लटकवलेले पंखे, आत वाकून तार गुंडाळणारा साडू, सगळं दिसायचं. "आमच्या साडूला मी तयार करतोय," हे वाक्य त्याला तिथे हटकून आठवायचं. तो पाय उचलायचा आणि पुढे जायचा.

मग एका दुपारी, बायको छापखान्यात पानं द्यायला गेली असताना, त्याने टोपली उघडली. त्याचं म्हणणं असं, की त्याला फक्त बघायचं होतं. बघून झालं तरी हात थांबले नाहीत. साडूचा पंखा त्याने दोऱ्यांसकट उचलला आणि काट्याच्या वाटोळ्या चेहऱ्यात बसवला. तो तिथे असा बसला, जणू त्याच मापाने घडवला होता. टोपलीच्या तळाशी मोकळी जागा राहिली. तिथे त्याने आपला बाजारातला पंखा लावला. कसाबसा बांधून ठेवता आला असता. कोण बघणार होतं? पण कसंबसं त्याच्या रक्तात नाही. त्याने पत्र्याच्या चार छोट्या पट्ट्या कापल्या, चारही काटकोनात वाकवल्या, कडा कानशीने घासल्या आणि पंखा त्यांवर घट्ट बसवला.

त्या संध्याकाळी बायको काट्यावर बसली. पाऊण किलो. एक किलो. सुई तिथेच थांबली. शिट्टी नाही, घुमणं नाही. ती पानांमागून पानं जुळवत गेली. मग खुर्ची मागे सरकवून तिने त्याच्याकडे बघितलं.

"जमलं हो तुम्हाला!"

"जमणारच होतं."

"काय केलंत?"

"हवेची वाट बदलली थोडी," गुण्या म्हणाला. हे अगदीच खोटं नव्हतं, हे तो आजही आवर्जून सांगतो.

पुढचे आठवडे त्याचे सुखाचे जायला हवे होते. काटा टेबलावर होता. बायको त्याच्यापुढे बसून गुणगुणत होती. मालक आला आणि म्हणाला, "अरे वा, हा तर त्याच्याहून भारी!" त्या 'त्याच्याहून'साठी गुण्याने किती वाट बघितली होती. पण चोराच्या मनात चांदणं. बायको गुणगुणली की त्याला तिचा आवाज ऐकू यायचा नाही, त्यामागची शांतता ऐकू यायची, आणि ती शांतता साडूची होती. तिने कौतुक केलं की ते थेट साडूच्या दुकानात जाऊन पडतंय असं वाटायचं. पूर्वी त्याला साडूच्या टोपलीचा हेवा वाटायचा. आता त्याला स्वतःच्याच काट्याचा वाटू लागला.

शेवट झाला तो जुन्या अहवालामुळे. संस्थेला त्यातली काही पानं पुन्हा हवी होती आणि ती टोपलीत राहिली होती. बायकोने टेबलाखालची टोपली ओढली, वायर लावली, बटण दाबलं. टोपली भुंकू लागली. नुसता आवाज नाही, ज्याला खरोखर भुंकणं म्हणावं असा. तिने तिथल्या तिथे बहिणीच्या घरी फोन लावला. "भावोजी, तुमच्या टोपलीला काय झालंय? अंगावर येतेय माझ्या."

"मी बघतो ना," गुण्या आतून धावत आला.

"तुम्ही कशाला? त्यांची टोपली, त्यांना कळेल."

वाइंडर आला तेव्हा सासराही बसलेला होता. गुण्या चहाचा कप धरून भिंतीला टेकून उभा होता. वाइंडरने टोपली आडवी केली आणि आत डोकावला. मग एक पट्टी सोडवून खिडकीच्या उजेडात धरली.

"भाऊ, तुमचा गुण्या द्या जरा."

गुण्याने मागच्या खिशातून हत्यार काढून दिलं. न देऊन करणार काय? वाइंडरने पट्टी त्याच्या कोनात टेकवली. मध्ये केसाएवढीही फट नव्हती.

"असा कोन माझ्या हातून जन्मात यायचा नाही," तो म्हणाला. मग उठून काट्यापाशी गेला, ताट दाबलं आणि इनॅमलला कान लावला. त्याचं तोंड हळूहळू फुललं. "आणि अशी शांतता तुमच्या हातून यायची नाही."

बायकोने ती पट्टी हातात घेतली, उलटसुलट बघितली. तिला मोठमोठ्याने बोलायची सवय नाही.

"इतके दिवस मी तुमचं कौतुक करत होते. ते कोणाचं होतं हो?"

"काटा माझा आहे," गुण्या म्हणाला.

"काटा माझा आहे," सासरा म्हणाला.

बायकोने काट्याची वायर स्वतः काढली. "भावोजी, तुमचा पंखा टोपलीत बसवा. टोपली टेबलावर. काटा मागच्या फळीवर, गिझरशेजारी. मला न विचारता जे उघडलं जाणार नाही, ते माझ्या टेबलावर राहील."

काटा फळीवर गेला. गिझर, टपालपेटी, डबा, काटा: ओळीने बसलेले सगळे बंद. गुण्या त्यांच्याकडे पाठ करून जेवायचा. बायको बोलायची, पण कामापुरतं. आणि कॉम्प्युटरविषयी अवाक्षरही नाही, जे आणखी वाईट. वर्कशॉपमध्ये एकाने विचारलं, "काय, साडू तयार झाला का?" त्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा पत्रा उलट्या बाजूने वाकवला.

मग एका रविवारी तो साडूच्या दुकानासमोरून गेला, पुढे गेला, आणि परत आला. त्या उंबऱ्याच्या आत तो त्याआधी कधी गेला नव्हता.

"एक पंखा वाइंड करून हवा."

"कशासाठी?" वाइंडरने तार सोडली नाही.

"माहीत आहे तर विचारतोस कशाला?"

"विचारणार. शिष्य असताना पुष्कळ विचारलं, तेव्हा तुम्हाला आवडायचं."

"काट्यासाठी," गुण्या म्हणाला. "तुझ्यासारखा. माझ्याच्याने होत नाही."

त्याच्या बायकोच्या मते, हे वाक्य त्याने कोणापुढे उच्चारल्याचं दुसरं उदाहरण नाही. वाइंडरने ते पुन्हा म्हणायला लावलं नाही. तो उठला, तारेच्या रिळांमागे हात घालून त्याने पत्र्याची एक वस्तू ओढून काढली आणि टेबलावर टाकली.

"हे काय आहे ओळखा."

गुण्याने बघितलं. झाकण होतं, किंवा व्हायला निघालं होतं. एक कड चढलेली, एक उतरलेली, कोपऱ्यात पत्रा चिरलेला, मध्ये हातोड्याचे खड्डे.

"टोपलीसाठी करत होतो," वाइंडर म्हणाला. "त्याआधी पेटी करून बघितली. तुमच्या डब्यासारखी. सगळं असंच झालं. टोपली का घेतली वाटलं तुम्हाला? हौस म्हणून? तुमच्या मागच्या खोलीत टॉर्च धरून उभा राहायचो ना, तेव्हा बोर्डाकडे माझं लक्षच नसायचं. तुमच्या बोटांकडे बघायचो आणि पोटात दुखायचं."

गुण्याने झाकण हातात घेतलं. खिशातून गुण्या काढून कडेला लावला. फटीतून पलीकडचा रस्ता दिसत होता. दुसऱ्या कोपऱ्याला लावला, तिथेही दिसत होता. तो सावकाश चारही कोपरे तपासत गेला. वाइंडर सांगतो, की इतक्या महिन्यांत भाऊंचा चेहरा एवढा सुखी त्याने पाहिला नव्हता, आणि त्याला एकदा वाटलं की झाकण हिसकावून घ्यावं.

"पहिली घडीच चुकली," गुण्या शेवटी म्हणाला. "तिथून पुढे सगळं चुकणारच. मी नवीन करून देतो."

"मग पंखा मी देतो."

तसं झालं. यावेळी बायकोला आधी विचारलं. ती म्हणाली, "करा," आणि वर म्हणाली, "बघू." आता टेबलावर दोन्ही आहेत: डावीकडे टोपली, तिच्यावर गुण्याने केलेलं पितळी कडेचं झाकण, उजवीकडे काटा, त्यात वाइंडरने दिलेला पंखा, राजरोस मागून घेतलेला. कीबोर्डची वायर ती ज्याला लावेल त्यावर त्या दिवशी काम.

छापखान्याचा मालक अलीकडे येऊन गेला. योगायोगाने दोघे साडू समोरच बसले होते. मालकाने टोपलीचं झाकण उचललं, कडेवरून बोट फिरवलं. "वहिनी, तुमच्या भावोजींच्या हाताला तोड नाही बुवा. काय सफाई आहे!" मग काट्याकडे वळून म्हणाला, "आणि तुमच्या मिस्टरांना पंख्याचं चांगलंच कळायला लागलं हं. अजिबात आवाज नाही!"

दोघांनीही एकदमच चहाचे कप तोंडाला लावले. मालक गेल्यावर वाइंडर म्हणाला, "कसं वाटलं, भाऊ?"

"माझं काही म्हणणं नाही," गुण्या म्हणाला, आणि या खेपेला खरंच पुढे काही म्हणाला नाही. बायकोने मात्र त्या दोघांकडे बघून खुर्ची फिरवली. तिच्या खांद्यांवरून ती हसते आहे हे कळत होतं.

गुण्याची खोड गेलेली नाही. वर्कशॉपमधून आला की चपला काढायच्या आधी तो टेबलापाशी जातो. एक हात टोपलीच्या झाकणावर ठेवतो, एक काट्याच्या पोटावर, आणि कोण गरम आहे ते बघतो. बहुतेक दिवशी दोन्ही कोमट असतात. मग तो सुईकडे बघतो, आणि अर्धा किलो जरी दिसलं, म्हणजे काटा वापरात आहे असं दिसलं, तरी जेवताना खुशीत बोलतो.

हे कसं घडतं ते सासऱ्याने सांगितलं, जावयाला न सांगण्याच्या अटीवर. मुलगी दिवसभर काम टोपलीवर करते. पानं जुळवायला तिला तीच सोयीची पडते. पण जिन्यावर नवऱ्याची पावलं वाजायच्या थोडं आधी ती हात लांब करून काट्याचं ताट दाबते.

"मी म्हटलं, अगं, माझ्या काट्याने कधी कोणाला फसवलं नव्हतं," सासरा म्हणाला. "तर म्हणते, बाबा, कधीतरी सुरुवात करायला हवीच."